‘एरिया डिनायल’ म्हणजे कुणाचं शेत?

संरक्षण मंत्रालयाने 6 फेब्रुवारी 2025 रोजी पिनाका रॉकेटांसाठी 10,147 कोटी रुपयांचे करार केले. एक कंपनी नागपूरची खाजगी, इकॉनॉमिक एक्स्प्लोझिव्ह्ज. दुसरी सरकारी, म्युनिशन्स इंडिया. तिचं मुख्यालय पुण्यात. पिनाकाचं संशोधन पाषाणच्या एआरडीईमध्ये झालेलं, त्यामुळे आपल्या भागात या बातमीचा अभिमान जरा जास्तच. माझं भांडण पिनाकाशी नाही. त्यातल्या एका रॉकेटच्या नावाशी आहे, आणि त्या नावाआड जे झाकलं जातं त्याच्याशी.

नाव आहे ‘एरिया डिनायल म्युनिशन’. मी भाषा शिकवतो, म्हणून शब्द आधी उलटून पाहतो. मराठीत सांगायचं तर, एखादा भूभाग शत्रूला वापरूच न देणारा दारूगोळा. सरकारी निवेदनातच म्हटलं आहे की हे वॉरहेड मोठ्या परिसरावर मोठ्या संख्येने लहान स्फोटकं पसरवतं. जगात या जातीच्या शस्त्राला क्लस्टर म्हणतात. शत्रूला नाकारलेला हा ‘एरिया’ नकाशावर चौकोन दिसतो. जमिनीवर ते कुणाचं तरी शेत असतं, कुणाची तरी विहीर, कुणाच्या तरी शाळेची वाट. सैन्य आज आहे, उद्या निघून जाईल. शेतकऱ्याने कुठे जायचं?

कारण या लहान स्फोटकांतली सगळी फुटत नाहीत. काही चिखलात रुततात, काही झाडात अडकतात, काही गवतात पडून राहतात आणि मग भूसुरुंगाचं काम करतात. अमेरिकेने 1964 ते 1973 या काळात लाओसवर अशी 27 कोटींहून जास्त स्फोटकं टाकली. त्यातली जवळपास 8 कोटी फुटलीच नाहीत. युद्ध संपून पन्नास वर्षं झाली, तिथे नांगराला अजून बॉम्ब लागतात. मुलं त्यांना चेंडू समजून उचलतात.

यावर उत्तर ठरलेलं आहे: ‘आता तंत्रज्ञान सुधारलंय. न फुटलेलं स्फोटक स्वतःच नष्ट होतं, एक टक्काही शिल्लक राहत नाही.’ ठीक आहे, हिशोब करू. 2006 मध्ये इस्रायलने दक्षिण लेबनॉनवर सुमारे 40 लाख लहान स्फोटकं टाकली, असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. त्यातली बहुतेक युद्धाच्या अखेरच्या तीन दिवसांत, म्हणजे युद्धबंदी दारात असताना. 40 लाखांचा एक टक्का म्हणजे 40 हजार. चाकणच्या कारखान्यात शंभरात एक पार्ट रिजेक्ट झाला तर तो लाल पेटीत जातो. इथला रिजेक्ट पार्ट टोमॅटोच्या वाफ्यात जातो.

या शस्त्रावर बंदी घालणारा करार 2008 मध्ये झाला आणि 1 ऑगस्ट 2010 पासून लागू झाला. शंभरहून अधिक देश त्यात आहेत. भारत नाही. अमेरिका, रशिया, चीन, पाकिस्तान, इस्रायल हेही नाहीत. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे देश या एका बाकावर मांडीला मांडी लावून बसले आहेत.

आता थोडं घरातलं बोलतो. मुस्लिम वाचकांना राग येईल, पण बोललं पाहिजे. जून 2025 मध्ये इराणने इस्रायलच्या शहरी वस्तीवर क्लस्टर वॉरहेड असलेली क्षेपणास्त्रं सोडली. आकाशात ठिणग्यांची फुलबाजी उडावी तसे ते व्हिडिओ होते, आणि आपल्या ग्रुपांवर ते ‘माशाअल्लाह’ लिहून फिरले. खाली माणसं राहत होती. गाझासाठी जुम्याला दुआ करताना आपला आवाज भरून येतो, तो खराच आहे. पण त्याच आवाजात येमेनचं नाव किती वेळा आलं? तिथे सौदीच्या नेतृत्वाखालील आघाडीने क्लस्टर बॉम्ब टाकले, आणि ब्रिटिश बनावटीचे असे बॉम्ब वापरल्याचं डिसेंबर 2016 मध्ये कबूलही केलं. सीरियात तर सरकारने स्वतःच्याच जनतेवर ते टाकले. बंदीच्या करारात कोण आहे पाहा: लेबनॉन, इराक, अफगाणिस्तान, पॅलेस्टाईन. बाहेर कोण? सौदी अरेबिया, इराण, तुर्कस्तान, इजिप्त, पाकिस्तान. ज्यांनी सोसलं त्यांनी सही केली. ज्यांच्या विजयाच्या आपण घोषणा देतो त्यांनी नाही. जुल्म टाकणाऱ्याचं नाव बघून जुल्म ठरत असेल, तर आपण इन्साफ मागत नाही, बाजू घेतोय.

आणि हे काही बाहेरून आणलेलं शहाणपण नाही. पहिले खलिफा हजरत अबू बकर यांनी सीरियाकडे निघालेल्या फौजेला घातलेल्या अटी मदरशातल्या मुलालाही माहीत असतात. बायका, मुलं, म्हातारे यांना मारायचं नाही, फळझाडं तोडायची नाहीत. छत्रपती शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना पाठवलेल्या पत्रातही हीच काळजी आहे: रयतेच्या दाण्याला, वैरणीला, भाजीला लष्कराचा हात लागता कामा नये. लढाई आपल्या लष्कराची आणि धान्य रयतेचं, हा फरक दोघांनाही कळत होता. क्लस्टरला तो कळत नाही. त्याच्या रचनेतच तो फरक नाही.

मग कुणी म्हणेल, मास्तर, सीमेवर शत्रू उभा असताना शस्त्र टाका म्हणता? नाही म्हणत. भारताने रासायनिक शस्त्रबंदीच्या करारावर 1993 मध्ये सही केली, स्वतःकडे साठा असल्याचं 1997 मध्ये जाहीर केलं आणि 2009 पर्यंत तो संपूर्ण नष्ट केला. त्याने देश दुबळा झाला असं कुणी म्हणत नाही. एक घाणेरडं शस्त्र सोडणं म्हणजे संरक्षण सोडणं नव्हे, हे आपल्याच सरकारने करून दाखवलंय.

रोजगाराचंही तेच. फेब्रुवारी 2024 मध्ये मोशीच्या प्रदर्शन केंद्रात लघुउद्योगांसाठी संरक्षण साहित्याचं मोठं प्रदर्शन भरलं. भोसरी-चाकणच्या वर्कशॉपवाल्यांना नवं काम हवंय, त्यात गैर काही नाही. पण बंदी पिनाकावर नाही, तोफेवर नाही, एका जातीच्या वॉरहेडवर आहे. याच करारांत पिनाकासाठी साधं, एकसंध वॉरहेडही घेतलं आहे. कामगाराची भाकरी क्लस्टरवर अवलंबून आहे असं सांगणारा कामगाराला पुढे करून स्वतः मागे लपतो.

भारत सरकारची अधिकृत भूमिका अशी की हा विषय जिनिव्हातल्या पारंपरिक शस्त्रांच्या करारात, सर्वांच्या सहमतीने सोडवावा. ऐकायला रास्त वाटतं. पण तिथली क्लस्टरवरची बोलणी नोव्हेंबर 2011 मध्येच फिसकटली. बंद पडलेल्या एसटीच्या थांब्यावर उभं राहून ‘आम्ही प्रवासाच्या बाजूचे आहोत’ म्हणण्यासारखं आहे हे.

कोर्टाचा रस्ताही अरुंद आहे. इस्रायलला होणारी शस्त्रनिर्यात थांबवा ही याचिका सर्वोच्च न्यायालयाने 9 सप्टेंबर 2024 रोजी फेटाळली. परराष्ट्र धोरण सरकारने ठरवायचं, असं न्यायालयाचं म्हणणं. मग विचारायचं ते संसदेतच. आपला पट्टा दोन खासदारांमध्ये विभागलेला आहे. पिंपरी आणि चिंचवड मावळात, भोसरी आणि चाकण शिरूरमध्ये. दोघांना प्रत्येकी एक पत्र, आणि त्यात तीनच प्रश्न. भारत क्लस्टरबंदीच्या करारात का नाही? क्लस्टर दारूगोळा परदेशात विकणार नाही, असं सरकार लेखी देईल का? आणि दाट वस्तीत स्फोटक शस्त्रांचा वापर आवरण्याचा जो जाहीरनामा नोव्हेंबर 2022 मध्ये डब्लिनला ऐंशीहून अधिक देशांनी मान्य केला, त्यावर आपली सही का नाही?

पत्र मराठीत लिहा, उर्दूत लिहा. मशिदीच्या कमिटीने लिहावं, गणेश मंडळानेही लिहावं, वर्कशॉपच्या युनियनने तर नक्कीच लिहावं. फक्त त्यात ‘एरिया’ हा शब्द वापरू नका. शेत म्हणा.