बर्गर शाकाहारी, पण पौष्टिक?

शाकाहारी म्हणजे सात्त्विक आणि सात्त्विक म्हणजे पौष्टिक, असे एक समीकरण आपल्या मनात पक्के बसलेले आहे. त्यामुळे व्हेज बर्गर हातात घेताना आपल्याला कसलीच शंका येत नाही. ‘व्हेजच तर आहे, त्याने काय होणार?’ हे वाक्य कॅन्टीनमध्ये दिवसातून दहा वेळा कानावर पडते. कोणी काय खावे हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा आणि आवडीचा प्रश्न आहे. त्यात मी पडत नाही. परंतु ‘व्हेज’ या शब्दाला आपण जे आरोग्याचे प्रमाणपत्र बहाल केले आहे, ते एकदा तपासून पाहायला हवे.

बर्गर हा मूळचा आपला पदार्थ नव्हे. पाश्चात्त्य देशांत बर्गर म्हणजे गोमांसाचा खिमा थापून, भाजून पावात घातलेली चकती. त्या खाण्यातली प्रथिने मुख्यतः त्या चकतीत असत. तेव्हा तिकडे ज्यांनी मांस सोडले, त्यांच्यापुढे प्रश्न होता तो मांसाऐवजी काय घालावे हा. लंडनमध्ये ग्रेगरी सॅम्स यांनी १९८२ मध्ये ‘व्हेजबर्गर’ या नावाने असे मिश्रण बाजारात आणले. पुढे २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातील इम्पॉसिबल फूड्स या कंपनीचा वनस्पतिजन्य बर्गर आला. आज त्याचा आधार सोयाबीनची प्रथिने हा आहे. सुमारे ११३ ग्रॅमच्या एका चकतीत १९ ग्रॅम प्रथिने असतात आणि ब-१२ जीवनसत्त्वही वरून घातलेले असते. हा बर्गर निर्दोष आहे असे नाही. त्यात खोबरेल तेलाची संपृक्त चरबी आहे, मीठही बरेच आहे. पण काढून घेतले त्याची भरपाई करायची, हा विचार त्यामागे आहे.

आपल्याकडे काय झाले? मॅकडोनाल्डची दुकाने १९९६ मध्ये दिल्लीत आणि मुंबईत उघडली. गोमांसाचा बर्गर येथे चालणे शक्यच नव्हते. पुढे मांसाच्या जागी बटाट्याची टिक्की आली, आणि आज गल्लोगल्लीच्या गाड्यांवर व्हेज बर्गर म्हटले की बटाटाच. चवीला हा बदल झकास झाला. परंतु बर्गरचा फक्त आकार आपल्याकडे आला. आतला ऐवज वाटेतच राहिला. नाव सोनुबाई अन् हाती कथलाचा वाळा, तशातला हा प्रकार आहे.

थोडा ढोबळ हिशोब मांडू. शंभर ग्रॅम बटाट्यात प्रथिने असतात जेमतेम दोन ग्रॅम. शंभर ग्रॅम मैद्यात ती दहा ग्रॅमच्या आसपास असतात. म्हणजे टिक्की काढून ठेवली आणि नुसता पाव खाल्ला, तरी प्रथिनांत फारसा फरक पडू नये! साऱ्या बर्गरची बेरीज सात-आठ ग्रॅमच्या घरात जाते. पन्नास किलो वजनाच्या मुलीला दिवसाला सुमारे ४२ ग्रॅम प्रथिने लागतात. तेव्हा बर्गरात काहीच नाही असे म्हणता येणार नाही. पण दिवसाच्या मुख्य जेवणाच्या जागी तो बसवला, तर उरलेली भरपाई कोठून करायची? शिवाय गव्हाच्या प्रथिनांत लायसिन कमी पडते. ते डाळींत आणि कडधान्यांत भरपूर असते, आणि नेमके तेच या बर्गरात नाही. मैद्यात कोंडा नाही, म्हणून चोथाही थोडाच. तळणीचे तेल आणि सॉसमधले मीठ मात्र पुरेपूर.

येथे कोणी म्हणेल, मग आपला वडापाव तरी कोणता मोठा? अगदी बरोबर. तोही बटाटा आणि पावच. बेसनाचे आवरण तेवढे अधिक. म्हणून देशी विरुद्ध विदेशी असा हा वादच नाही. उसळ-पाव मात्र वेगळा, कारण त्यात मटकी किंवा वाटाणा असतो. पिठले-भाकरीतही धान्याला डाळीची जोड आहेच. आपण खाताना एवढाच प्रश्न विचारावा, की पिष्टमय पदार्थाला जोड कशाची आहे?

पाकिटावरचा हिरवा ठिपका याचे उत्तर देत नाही. त्या पदार्थात मांस, मासे, अंडे नाही, एवढेच तो सांगतो. काय नाही ते कळते, काय आहे ते कळत नाही. बटाट्याच्या वेफर्सवरही तोच ठिपका असतो.

ही चर्चा मला महत्त्वाची वाटते, याचे कारण आपल्या वर्गांतच आहे. आमच्यातले पुष्कळजण पहाटेची एस. टी. पकडून येतात आणि संध्याकाळी घरी पोचतात. मधले एकच खाणे, तेही कॅन्टीनमधले. आमच्या आई-वडिलांना पाकिटावरचा मजकूर वाचायची गरजच पडली नाही. धान्य शेतातून आले किंवा रेशनच्या दुकानातून, आणि शिजले ते डोळ्यांदेखत. घरात कॉलेजची पायरी चढणारी आमची जशी पहिली पिढी, तशीच न पाहिलेल्या हातांनी बनवलेले अन्न रोज खाणारीही पहिलीच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. त्याला एकटा बर्गर कारण नाही, हे उघड आहे. पण अशा परिस्थितीत दुपारचे जेवण वाया घालवणे आपल्याला परवडणारे नाही.

गंमत अशी, की ज्या सोयाबीनवर परदेशात महागडे बर्गर बनतात, ते सोयाबीन मराठवाड्यात आणि विदर्भात ढिगांनी पिकते. त्याचे तेल काढले जाते आणि प्रथिनांनी भरलेली पेंड बहुतांशी कोंबड्यांच्या खाद्यात जाते.

बर्गर बंद करा, असे माझे म्हणणे नाही. मित्रांबरोबर तो खाण्यात आनंद आहे. टिक्की तेवढी बदला. भिजवून वाटलेले हरभरे किंवा मोडाची मटकी, थोडे सोयाबीनचे पीठ, किसलेले गाजर, हे सारे बटाट्यात मिसळता येते. ती तळण्याऐवजी तव्यावर भाजता येते. वर कांदा-कोबी आणि लिंबू पिळले, तर कडधान्यातले लोह अंगी लागायलाही मदत होते. फक्त त्यावर लगेच चहा पिऊ नये, कारण चहा लोहाच्या शोषणात अडथळा आणतो. यासाठी कॅन्टीनला कोणतेही नवे यंत्र लागत नाही.

विद्यार्थी प्रतिनिधींनी आणि प्राध्यापकांनी कॅन्टीनचालकांशी बसून एवढा बदल घडवून आणावा, अशी माझी विनंती आहे. आपण तेथे दाम मोजतो. मग त्या दामात काय मिळते, हे विचारायला संकोच कशाला?