लादलेले वस्त्र आणि निवडलेले वस्त्र

शाळांच्या स्नेहसंमेलनांतून आणि विविध दिनांच्या कार्यक्रमांतून ‘देशोदेशींचे पोशाख’ हा विषय नेहमी हाताळला जातो. कोणी जपानचा किमोनो घालते, कोणी स्कॉटलंडचा चौकड्यांचा किल्ट, कोणी भूतानचा घो. त्याच ओळीत पैठणी, नऊवारी आणि फेटाही असतो. मुले आनंदाने मिरवतात, पालक कौतुकाने पाहतात. त्या आनंदाला आमचा विरोध नाही. परंतु धम्माच्या अधिष्ठानावर उभ्या राहिलेल्या निवासी शाळेत ‘पारंपरिक पोशाख’ हा शब्द उच्चारला जातो, तेव्हा एक प्रश्न विचारलाच पाहिजे असे आम्हांस वाटते. ही परंपरा कोणाची? तो पोशाख अंगावर घालणाऱ्याने स्वतः निवडला होता, की कोणीतरी त्याच्यावर लादला होता?

आमचे मत आरंभीच स्पष्ट करतो. जुना आहे एवढ्यावरून कोणताही पोशाख वारसा ठरत नाही. माणसाने स्वाभिमानाने स्वीकारला, जपला आणि काळानुरूप बदलला, तोच वस्त्राचा खरा वारसा. जगाचा इतिहास या मताला पुष्टी देतो आणि आपल्या समाजाचा इतिहास तर त्याची जिवंत साक्षच आहे.

प्रथम स्कॉटलंडचा दाखला घेऊ. तेथील डोंगराळ प्रदेशातील लोकांचे बंड मोडून काढल्यावर ब्रिटिश संसदेने १७४६ साली कायदा करून त्यांचा पारंपरिक पोशाख बेकायदेशीर ठरविला. पहिल्या गुन्ह्यास सहा महिने तुरुंगवास आणि दुसऱ्यास सात वर्षे समुद्रापार हद्दपारी अशी शिक्षा होती. बंदीतून सूट मिळाली ती राजाच्या सैन्यात भरती झालेल्यांना. म्हणजे तोच पोशाख चाकरीत चालत होता, स्वातंत्र्यात चालत नव्हता. १७८२ साली हा कायदा रद्द झाला. पुढे १८२२ साली ब्रिटनचा राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला, तेव्हा त्याने स्वतःच किल्ट परिधान केला. ज्या सत्तेने एका वस्त्राला गुन्हा ठरविले, तिनेच पाऊणशे वर्षांनी त्याचा दरबारी थाट केला. सत्तेला पोशाखाचे भय वाटते तेव्हा ती तो उतरविते. भय संपले की तीच तो मिरविते.

दुसरा दाखला भूतानचा. तो देताना आम्हांस विशेष जबाबदारी वाटते, कारण भूतान हा बौद्ध देश आहे. पुरुषांचा घो आणि स्त्रियांची किरा ही तेथील हातमागाची सुंदर निर्मिती. परंतु १९८९ साली हा पोशाख राजाज्ञेने सर्व नागरिकांना सक्तीचा करण्यात आला. दक्षिण भूतानमधील नेपाळीभाषक लोकांची वस्त्रे वेगळी, हवामान वेगळे, बहुतेकांचा धर्मही वेगळा; तरी सक्ती त्यांनाही लागू झाली. नागरिकत्वाचा कठोर कायदा, जनगणनेतील भेद आणि पोशाखाची ही सक्ती यांतून असंतोष पेटला. पुढील काही वर्षांत एक लाखाहून अधिक माणसे देशोधडीला लागून नेपाळमधील निर्वासित छावण्यांत आली. ज्या देशाच्या राजमुद्रेवर धम्माची छाया आहे, तेथेही हे घडले, हे आपण लपवू नये. दुसऱ्याच्या अन्यायाविरुद्ध बोलणे सोपे असते. आपल्यांच्या अन्यायाविरुद्ध बोलणे हीच मैत्री आणि करुणेची कसोटी. अतिशय सुंदर वस्त्रदेखील सक्तीचे झाले की ते अंगावरचे ओझे होते, हा या दाखल्याचा बोध.

तिसरा दाखला आफ्रिकेतील नामिबियाचा. तेथील हेरेरो जमातीच्या स्त्रिया पायघोळ, घेरदार झगा घालतात. एकोणिसाव्या शतकात आलेल्या जर्मन मिशनऱ्यांच्या स्त्रियांकडून ही धाटणी त्यांच्याकडे आली. पुढे १९०४ ते १९०८ या काळात जर्मन वसाहती सत्तेने याच हेरेरो लोकांचा भीषण संहार केला. तरीही त्या स्त्रियांनी तो झगा फेकून दिला नाही. त्यांनी तो आपल्या रंगांत शिवला, आणि डोक्यावर गाईच्या शिंगांसारखे आडवे शिरोभूषण बांधले, कारण गोधन हा त्यांच्या जीवनाचा आधार. आज त्या झग्याला कोणी परका म्हणत नाही. वस्त्र कोठून आले यापेक्षा ते कोणाच्या इच्छेने अंगावर राहिले, हे महत्त्वाचे.

आता आपल्या देशाकडे वळू. येथे वस्त्र हे केवळ प्रदेशाचे नव्हे, जातीचेही चिन्ह होते. त्रावणकोर संस्थानात नाडर स्त्रियांना अंगाचा वरचा भाग झाकण्याच्या अधिकारासाठी अनेक दशके लढावे लागले. १८५९ साली जाहीरनामा निघाला आणि त्यांना अंग झाकण्याची मुभा मिळाली. पण उच्चवर्णीय स्त्रियांप्रमाणे वस्त्र घेता येणार नाही, ही अट कायम राहिली. म्हणजे लज्जारक्षणाचा अधिकार दिला, समतेचा दिला नाही. ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या १९३६ सालच्या प्रसिद्ध भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इंदूर संस्थानातील बलाई समाजावर लादलेले नियम नमूद केले आहेत. त्या नियमांनुसार बलाई पुरुषांनी जरीकाठी पागोटे बांधायचे नाही, रंगीत काठाचे धोतर नेसायचे नाही. स्त्रियांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. धोतराच्या काठाचा रंगसुद्धा ज्यांना सहन झाला नाही, त्यांच्या दृष्टीने ‘पारंपरिक पोशाख’ याचा अर्थ काय होता, हे वेगळे सांगावयास नको.

महाराष्ट्रात तर हा इतिहास आपल्याच पूर्वजांच्या अंगावर लिहिलेला आहे. ओळख पटावी म्हणून मनगटात वा गळ्यात काळा दोरा आणि पेशव्यांच्या राजधानीत पाऊलखुणा पुसण्यासाठी कमरेला झाडू, अशी सक्ती असल्याचे बाबासाहेबांनी त्याच भाषणात सांगितले आहे. गावकीच्या महाराच्या हातातील घुंगुरकाठी आणि खांद्यावरची घोंगडी ही त्याच्या आवडीची वेशभूषा नव्हती. ती त्याच्या वेठीची खूण होती. उद्या कोणी या वस्तू ‘लोकसंस्कृती’ म्हणून आपल्या मुलांच्या अंगावर चढवू पाहील, तर त्यामागचा इतिहास त्याला नम्रपणे पण ठामपणे सांगणे हे आपले कर्तव्य आहे.

या वेदनेत आणखी एक विसंगती दडलेली आहे. विदर्भातील महार समाजात सूत कातणे आणि जाडेभरडे कापड विणणे हा मोठ्या प्रमाणावर चालणारा व्यवसाय होता. गिरण्यांचे कापड स्वस्त झाले तसे हे हातमाग थंडावले. १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली आणि पुढे कित्येक विणकर घरांतील माणसे गिरणी कामगार झाली. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांचे अंग झाकले, त्याच समाजाला स्वतः चांगले नेसण्याचा अधिकार नाकारला गेला. आपल्या वारशात घोंगडीची वेठ आहे, तशी मागावरची कलाही आहे. पहिली टाकायची, दुसरी विसरायची नाही. हा विवेक पाळला तरच वारसा शब्दाला अर्थ उरतो.

डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे बाबासाहेबांनी स्त्रियांना केलेले मार्गदर्शन या दृष्टीने पुन्हा पुन्हा आठवावे असे आहे. तुमची लुगडे नेसण्याची पद्धत आणि गळ्याहातांतील जड दागिने हीच तुमच्या अस्पृश्यतेची साक्ष देतात. ती पद्धत सोडा, स्वच्छ राहा, इतर स्त्रियांप्रमाणे पूर्ण लुगडे नेसा, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. कोठे सत्याग्रह, कोठे मनुस्मृतीचे दहन आणि कोठे लुगड्याच्या निऱ्या, असे वरवर पाहणाऱ्यास वाटेल. परंतु गुलामगिरी कायद्यात असते तशीच ती निऱ्यांतही असते, हे त्यांनी ओळखले होते. आणि त्या आयाबायांनी ते मानले. शतकांची ‘परंपरा’ त्यांनी स्वतःच्या हातांनी सोडली. आमच्या मते हा आपल्या समाजाच्या सांस्कृतिक वारशातील अत्यंत तेजस्वी क्षण आहे, कारण त्या दिवशी वस्त्र प्रथमच त्यांचे स्वतःचे झाले.

बाबासाहेबांच्या सूटकोटाविषयी अधूनमधून कुजबुज ऐकू येते की तो परदेशी पोशाख होता. ज्यांच्या पूर्वजांना स्वदेशी पोशाखातून केवळ अपमान मिळाला, त्यांना स्वदेशीचा हा उपदेश कोणत्या तोंडाने करावा? हेरेरो स्त्रियांनी परका झगा आपला केला, तसा गावोगावच्या पुतळ्यांवरील निळा सूट या देशातील कोट्यवधी माणसांनी आपला केला आहे. त्या पोशाखात विद्या आहे, संविधान आहे आणि मान ताठ ठेवण्याचे धैर्य आहे. आणि त्याच बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे धम्मदीक्षा घेतली ती शुभ्र वस्त्रांत. पाली वाङ्मयात गृहस्थ उपासकांचा उल्लेख ‘ओदातवसन’ म्हणजे श्वेतवस्त्रधारी असा येतो. दीक्षाभूमीवरील पांढऱ्या साड्यांचा आणि सदऱ्यांचा तो सागर म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या उपासकांशी पुन्हा जोडलेले नाते होते. विधवेचे म्हणून ज्या पांढऱ्या रंगाकडे आपल्याकडे पाहिले जाई, तोच आमच्या आया-आज्यांनी मंगल प्रसंगाचा केला.

धम्माने तर वस्त्राचा विचार फार मुळातून केला आहे. विनयपिटकातील महावग्गात कथा आहे. मगधातील बांध घातलेली भातखाचरे दाखवून तथागतांनी आनंदाला विचारले की, भिक्खूंचे चीवर असे करता येईल का? आनंदाने त्या खाचरांसारखे तुकडे जोडून चीवर तयार केले. अखंड, मौल्यवान कापडाला तुकडे करून जोडले की त्याची किंमत जाते आणि त्याबरोबर घेणाऱ्याचा लोभही. टाकून दिलेल्या चिंध्यांपासून शिवलेल्या पंसुकूल चीवराला तर संघात मानाचे स्थान होते. आपल्या घरांतील गोधडी आठवा. जुन्या लुगड्यांचे, फाटक्या सदऱ्यांचे तुकडे जोडून आजीने घातलेला तो टाका. दारिद्र्याची खूण म्हणून आपण ती माळ्यावर टाकली असेल, परंतु चीवराच्या त्या कथेशी तिचे नाते आहे, हे मुलांना सांगावयास हवे.

हे चीवर देशोदेशी गेले आणि हवामानाप्रमाणे बदलले. श्रीलंका, थायलंड, म्यानमार येथे एक खांदा उघडा ठेवून ते पांघरले जाते. चीनमध्ये थंडीमुळे आत बाह्यांचा झगा आला. जपानमध्ये चीवर ‘केसा’ या नावाने झग्यावरून घेतले जाऊ लागले. तिबेटमध्ये त्याचा रंग गडद तांबडा झाला. रंग बदलला, घडी बदलली. तुकडे जोडण्याची रीत आणि त्यामागील अपरिग्रह मात्र टिकून राहिला. म्यानमारमध्ये शरद ऋतूतील एका पौर्णिमेच्या उत्सवात यांगूनच्या श्वेडागोन पॅगोड्याच्या आवारात विणकर स्त्रिया रात्रभर माग चालवून चीवर विणतात आणि पहाटे ते बुद्धमूर्तीला अर्पण करतात. तेथे विणणारा हात दान देणाऱ्या हाताइतकाच पूज्य असतो. विणकराला असा मान देणारी परंपराच खऱ्या अर्थाने परंपरा होय.

म्हणून शाळेकडे, पालकांकडे आणि विशेषतः माजी विद्यार्थ्यांकडे आमची एक मागणी आहे. देशोदेशींचे पोशाख मुलांनी जरूर घालावेत. मात्र प्रत्येक पोशाखाबरोबर तीन प्रश्नांची उत्तरेही शोधावीत. हे कापड कोणी विणले? हे घालण्याचा अधिकार कोणाला होता? आणि कोणाला नव्हता? दुसरे असे की, शाळेत आपल्या समाजाच्या वस्त्रांचा एक छोटासा संग्रह उभा राहावा. आजीचे लुगडे, आजोबांचा दीक्षेच्या दिवशीचा सदरा, गिरणी कामगाराचा कोट, हाताने शिवलेली गोधडी, वसतिगृहातील पहिल्या तुकडीचा गणवेश अशा वस्तू घरोघर ट्रंकेत पडून आहेत. त्या वस्तूंबरोबर त्या घालणाऱ्यांची हकिगत चार ओळींत लिहून घ्यावी. हकिगत सांगणारी पिढी आता थकत चालली आहे. हे काम पुढे ढकलण्याजोगे नाही.

निवासी शाळेचा गणवेशही याच वारशाचा भाग आहे. वेगवेगळ्या गावांतून, वेगवेगळ्या परिस्थितीतून आलेली मुले एकाच रंगाचा सदरा घालून वंदनेला बसतात, तेव्हा कोणाचा बाप शेतमजूर आणि कोणाचा अधिकारी हे कापडावरून ओळखता येत नाही. ज्या देशात शतकानुशतके कापडावरून जात ओळखली गेली, तेथे हे लहानसहान कार्य नव्हे. त्या गणवेशात वाढलेल्यांनी पुढे जगात कोणताही पोशाख करावा. तो भीतीने नव्हे, स्वेच्छेने केलेला असावा आणि दुसऱ्यालाही तसाच करू द्यावा. एवढे जरी आपण पुढच्या पिढीच्या हाती दिले, तरी वारसा दिला असे म्हणता येईल.