खोली जहाजातून आली, पण नाक्यावर अडली!

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. रात्री साडेअकराला उरणहून पनवेलकडे येत होतो. पुढे सगळं ट्रॅफिक ठप्प. बाईक बाजूला लावून पाहिलं तर एक लांबच लांब ट्रेलर, मोजता येणार नाहीत इतकी चाकं, आणि वर ताडपत्रीत गुंडाळलेलं घराएवढं काहीतरी. ट्रेलरवर उभा असलेला एक माणूस लांब बांबूने रस्त्यावरून गेलेली केबल वर उचलत होता. खाली दुसरा ओरडत होता, ‘येऊ दे, येऊ दे… बस!’

आजूबाजूच्या सगळ्यांनी मोबाइल काढले. मीही काढला. घरी येऊन व्हिडिओ पाहताना मात्र एक प्रश्न डोक्यात बसला. बंदरापर्यंत हजारो किलोमीटर बिनबोभाट आलेली वस्तू शेवटच्या चाळीस-पन्नास किलोमीटरमध्ये एका केबलसाठी का अडते?

हा प्रश्न आज महत्त्वाचा आहे, कारण बांधकामाची पद्धत बदलते आहे. हॉटेल, हॉस्पिटल, डेटा सेंटर, कारखाना या सगळ्यांचे तयार भाग कारखान्यात बनवायचे आणि साइटवर नेऊन फक्त जोडायचे, असं जगभर होऊ लागलंय. अशा तयार भागाला मॉड्यूल म्हणतात. खोलीचं मॉड्यूल असेल तर भिंती, वायरिंग, नळ, बाथरूमच्या फरश्या, सगळं आधीच बसवलेलं असतं. न्यूयॉर्कमधल्या बावरी भागातलं सिटिझनएम हॉटेल असंच उभं राहिलं. त्याची २१० मॉड्यूल्स पोलंडमध्ये बनली, जहाजाने अमेरिकेत आली आणि ट्रकवरून मॅनहॅटनच्या गल्ल्यांमध्ये पोहोचली. हॉटेल २०१८ मध्ये सुरू झालं.

२.६ मीटरची अदृश्य भिंत

आता एक आकडा लक्षात ठेवा, २.६ मीटर. भारतात साध्या मालगाडीची, म्हणजे ट्रक-ट्रेलरची, रुंदी नियमाने यापेक्षा जास्त चालत नाही. अमेरिकेच्या मोठ्या हायवेंवरही मर्यादा जवळपास हीच आहे, साडेआठ फूट. जहाजावर दिसणारा लोखंडी कंटेनर ८ फूट, म्हणजे २.४४ मीटर रुंद असतो. म्हणूनच तो जगात कुठेही गुपचूप निघून जातो.

पण माणसाला राहायची खोली २.४४ मीटर रुंद केली तर? भिंतींची जाडी वजा केल्यावर आत उरतात सव्वादोन मीटर. पलंग टाकला की बाजूने आडवं होऊनच जावं लागेल. बरी खोली हवी तर तीन-साडेतीन मीटर लागतात, आणि तिथेच मॉड्यूल नियमाच्या बाहेर जातं. बाहेर गेलं की त्याला ओव्हर डायमेन्शनल कार्गो म्हणतात. ट्रान्सपोर्टवाल्यांच्या भाषेत ओडीसी.

ओडीसी झालं की खेळच बदलतो. खास परवानगी लागते, पुढेमागे पायलट गाड्या लागतात, बरेचदा फक्त ठरावीक वेळेत चालायची मुभा मिळते. म्हणजे खोली किती रुंद असावी हे आर्किटेक्ट कागदावर काढतो खरं, पण शेवटचा शब्द रस्त्याचा असतो.

अडतं नेमकं कुठे?

पहिली अडचण उंचीची. मॉड्यूल तीन-सव्वातीन मीटर उंच धरलं आणि ट्रेलरचा प्लॅटफॉर्म जमिनीपासून एक मीटरवर असला, तर चार मीटरची हद्द तिथेच ओलांडली. म्हणून जमिनीला चिकटून चालणारे लो-बेड ट्रेलर वापरतात. तरीही विजेच्या तारा, सिग्नलचे दांडे, फूट ओव्हरब्रिज, टोलनाक्याची छपरं राहतातच.

दुसरी अडचण वळणाची. लांब ट्रेलर वळतो तेव्हा पुढची चाकं एका वाटेने जातात आणि मागची आतल्या बाजूने कापत जातात. नाक्यावरचा खांब, दुकानाची पायरी, दुभाजक, सगळं त्या कापलेल्या वाटेत येतं. मोठ्या हायड्रॉलिक ट्रेलरमध्ये म्हणूनच मागच्या अ‍ॅक्सललाही स्टीअरिंग असतं.

तिसरी अडचण वजनाची, आणि ही दिसत नाही. रस्त्याला एकूण वजनापेक्षा एका अ‍ॅक्सलवर किती भार येतो याने फरक पडतो. म्हणून चाकं वाढवत नेतात. वजन सत्तर टन असो की दोनशे टन, जास्त अ‍ॅक्सलवर वाटलं की डांबर टिकतं. पूल मात्र वेगळ्या हिशोबाने चालतो. दोन खांबांच्या मधल्या गाळ्यावर एका वेळी एकूण किती भार आला, हे त्याला मोजावं लागतं. तिथे चाकं वाढवून पूर्ण सुटका होत नाही.

१० एप्रिल २०२२ ला मध्य प्रदेशात इटारसीजवळ हेच घडलं. भोपाळ-नागपूर हायवेवर सुखतवा नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल अवजड यंत्रसामग्री नेणाऱ्या १३८ चाकांच्या ट्रेलरखाली कोसळला. १३८ चाकं होती, तरीही.

जिथे मॉड्यूल बंदरातच कापावं लागलं

या विषयात माझ्या मते सगळ्यात जास्त शिकवणारं उदाहरण अमेरिकेतलं आहे. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात इंपीरियल ऑइल कंपनीचा कर्ल नावाचा तेल-वाळू प्रकल्प उभा राहत होता. त्यासाठी कारखान्याचे दोनशेहून जास्त तयार भाग दक्षिण कोरियात बनवले गेले. ही घरं नव्हती, पण रस्त्याला त्याने काय फरक पडतो? सगळ्यात मोठं मॉड्यूल साधारण ६४ मीटर लांब, ७ मीटरहून जास्त रुंद आणि ९ मीटर उंच, म्हणजे रस्त्यावरून चालणारी तीन मजली चाळच.

प्लॅन असा होता: जहाजाने पॅसिफिक पार करायचा, मग बार्जवरून कोलंबिया आणि स्नेक नद्यांतून समुद्रापासून सुमारे ७५० किलोमीटर आत असलेल्या आयडाहो राज्यातल्या लुईस्टन बंदरात यायचं, आणि तिथून हायवे १२ ने डोंगर ओलांडून उत्तरेला. मोठे इंटरस्टेट हायवे सोडून हा दुपदरी घाटरस्ता का? कारण इंटरस्टेटवर ओव्हरब्रिज आहेत आणि ९ मीटरची वस्तू त्यांच्याखालून जात नाही. हायवे १२ वर ती अडचण नव्हती.

अडचण दुसरीच निघाली, तिथली माणसं. हा रस्ता क्लिअरवॉटर आणि लॉक्सा नद्यांच्या काठाने जातो. या नद्यांना १९६८ च्या कायद्याने खास संरक्षण आहे, आणि रस्ता नेझ पर्स या मूलनिवासी जमातीच्या भूमीतून जातो. रात्रभर दोन्ही लेन अडवून ट्रेलर जाणार, तेव्हा अ‍ॅम्ब्युलन्सने काय करायचं, हा गावकऱ्यांचा साधा प्रश्न होता. २०११ मध्ये चाचणीसाठी नेलेल्या मॉड्यूलमध्ये विजेच्या खांबाची ताणतार अडकली आणि परिसरातली वीज गेली. त्याच वर्षी मोंटाना राज्यातल्या कोर्टाने वाहतुकीला मनाई केली.

शेवटी कंपनीला लुईस्टनच्या बंदरात आलेली मॉड्यूल्स कापून लहान करावी लागली. तुकडे इंटरस्टेटच्या पुलांखालून नेले आणि साइटवर पुन्हा जोडले. जे जोडकाम साइटवर नको म्हणून कोरियात केलं, तेच साइटवर परत करावं लागलं. प्रकल्पाचा खर्च १०.९ अब्ज कॅनेडियन डॉलरवरून १२.९ अब्जांवर गेला. सगळी वाढ यामुळे नव्हती, कडक थंडीचाही वाटा होता, पण मॉड्यूल्सची वाहतूक आणि फेरजोडणी हे एक मुख्य कारण कंपनीनेच सांगितलं.

गोष्ट इथे संपली नाही. ऑगस्ट २०१३ मध्ये दुसऱ्या एका कंपनीचा अजस्र ट्रेलर त्याच रस्त्याने निघाला. नेझ पर्स लोक रात्री रस्त्यावर उतरले. अटक झालेल्यांत जमातीचे निवडून आलेले नेतेही होते. पुढच्याच महिन्यात फेडरल कोर्टाने अशी वाहतूक थांबवली आणि २०१७ च्या समझोत्याने तो पट्टा अशा अजस्र ट्रेलरसाठी बंद झाला.

इंजिनिअरिंग चुकलं नव्हतं. ट्रेलर चालत होते, चाकं वळत होती. चुकला तो क्रम. मॉड्यूल आधी बनवलं आणि रस्त्याला, रस्त्याकाठच्या माणसांना नंतर विचारलं.

आपल्याकडे काय?

तुम्हाला आठवत असेल, जुलै २०१९ मध्ये महाराष्ट्रातून एक ७४ चाकांचा ट्रक तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राकडे निघाला होता. त्यावर ७० टनांचं ऑटोक्लेव्ह होतं. साधारण १,७०० किलोमीटरला त्याला वर्ष लागलं! लॉकडाउनने वेळ खाल्ला हे खरं, पण तारा हलवणं, फांद्या छाटणं, पूल तपासणं हे वाटेत जागोजागी चालूच होतं. एखादं यंत्र असं नेता येईल. दोनशे खोल्यांचं हॉस्पिटल नाही नेता येणार.

एकीकडे पालघर जिल्ह्यात वाढवण बंदर उभं राहतंय. ३० ऑगस्ट २०२४ ला त्याची पायाभरणी झाली, अंदाजित खर्च सुमारे ७६,००० कोटी रुपये. तिथून निघणारे रस्ते बांधले जायचे आहेत. माझं म्हणणं एवढंच, की याच टप्प्यावर एक तरी मार्ग मोठ्या मालासाठी ठरवून ठेवा. तारा जमिनीखाली, नाक्यांची वळणं रुंद, पुलांची क्षमता आधीच जाहीर. नंतर खांब हलवण्यापेक्षा हे केव्हाही स्वस्त पडेल. पण तो मार्ग कोणाच्या दारातून जाणार, हे दार ज्यांचं आहे त्यांना आधी विचारलं पाहिजे. मच्छीमार आणि गावकऱ्यांचा या बंदराला विरोध वर्षानुवर्षं चालत आला आहे, तिथे तर जास्तच.

आणि थोडं आपल्या मोबाइलबद्दल. आपलं मॅप अ‍ॅप कुठे ट्रॅफिक आहे ते सांगतं, पण केबल किती उंचीवर आहे ते सांगत नाही. ती माहिती आजही रूट सर्व्हेला गेलेला माणूस मापाची काठी घेऊन गोळा करतो, आणि बहुतेक वेळा ती त्या एका ट्रान्सपोर्टरच्या वहीतच राहते. पुढचा ट्रेलर आला की परत पहिल्यापासून. गाडीवर लेझर स्कॅनर लावून अख्ख्या रस्त्याचं थ्रीडी मोजमाप घेण्याचं तंत्र आज उपलब्ध आहे. असं मोजमाप एकदा घेऊन सगळ्यांसाठी खुलं ठेवलं, तर मॉड्यूल बनवणाऱ्याला पहिल्या दिवशीच कळेल की आपली खोली कुठपर्यंत जाऊ शकते. आणि गावालाही आधी कळेल की कोणत्या रात्री रस्ता बंद असणार आहे.

त्या रात्री उरण रोडवर आम्ही चाळीस मिनिटं थांबलो. केबल उचलली गेली, ट्रेलर पुढे सरकला, मोबाइल खिशात गेले. मागे एक रिक्षा होती, तिच्यात कडेवर तापाने फणफणलेलं पोर घेऊन एक बाई बसली होती. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. व्हिडिओत ती दिसत नाही, कारण माझा कॅमेरा ट्रेलरवर होता.