सदाफुलीचा पाला कुणाच्या पोटात जातो?

'झाडपाल्याने अपाय होत नाही' हे वाक्य आज आमच्या वस्त्यांत गोळीपेक्षा स्वस्त मिळते. धाराशिव जिल्ह्यात काम करताना आम्ही हे नेहमी पाहतो. शुगर निघाली की उपाशीपोटी सदाफुलीची पाने चावायची. वरून 'याने प्रतिकारशक्तीही वाढते' असा मेसेज आलेलाच असतो.

आता या सदाफुलीचा इतिहास पाहा. जमैकातही लोक मधुमेहावर तिचा काढा पीत. १९५२ मध्ये तिथली पाने कॅनडात नोबल बंधूंकडे पोचली. रॉबर्ट नोबल यांनी उंदरांना अर्क पाजला, तेव्हा साखरेत फारसा फरक पडला नाही. टोचून दिला तेव्हा रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या आणि उंदीर जंतुसंसर्गाने मेले. म्हणजे ज्या पेशी शरीराचे रक्षण करतात त्यांनाच हा अर्क संपवत होता. पेशीचे विभाजन तो मध्येच अडवतो. अडकलेली पेशी मरते. झपाट्याने वाढणाऱ्या पेशींना याचा फटका आधी बसतो. यातूनच पुढे व्हिनब्लास्टिन आणि व्हिनक्रिस्टिन ही कर्करोगावरची औषधे आली. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात व्हिनक्रिस्टिन आजही वापरतात, पण मात्रा मोजून आणि रक्त तपासून.

दोन पाने चावली म्हणून कुणी लगेच मरत नाही, हे आम्हालाही कळते. पण पानात किती अर्क आहे हे कुणी मोजलेले नसते, आणि मधुमेही माणसाला जंतुसंसर्गाचा धोका आधीच जास्त असतो. गुळवेलीचेही तेच. कोरोनाच्या काळात ती घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने ती फेटाळली. वनस्पती ओळखण्यात चूक झाली असावी, असे म्हटले. मग वस्तीतली मावशी कुंपणावरची वेल कशी ओळखणार?

आमचा खरा आक्षेप पुढे आहे. पैसेवाला माणूस गोळी घेतो, तपासणी करतो आणि वर काढा पितो. मजुरी बुडवून दवाखान्याच्या रांगेत उभी राहू न शकणारी बाई गोळीऐवजी पाला खाते. परंपरेचे कौतुक पहिल्याच्या तोंडी, प्रयोग दुसरीच्या शरीरावर! 'केमिकल अशुद्ध, पाला शुद्ध' ही भाषा कुठून येते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

मधुमेह, कर्करोग बरा करण्याच्या जाहिरातींवर १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. तरी बाजारात त्या चालतातच. परंडा आणि भूम तालुके बार्शीच्या ग्रामीण कर्करोग नोंदणीत येतात. तिथल्या कर्करोग रुग्णांची केमो सुरू असेल, पांढऱ्या पेशी आधीच कमी झाल्या असतील, आणि घरचे प्रेमाने काढा पाजत असतील तर ते डॉक्टरांना कळणार कसे? शिव्या बसतील म्हणून रुग्ण सांगत नाही.

म्हणून जिल्ह्यातल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात 'कोणता पाला, किती दिवस?' हा प्रश्न न रागावता विचारला जावा आणि केसपेपरवर लिहिला जावा. धाराशिवच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयानेही सदाफुलीबद्दल गावोगावी मराठीत स्पष्ट बोलावे. आणि शुगरची गोळी महिनाभराची एकदम मिळावी, दर आठवड्याला मजुरी बुडवून नव्हे.