वायर पंचायतीपर्यंत आली, वस्तीचं काय?



ग्रामसभेत इंटरनेटचा विषय निघाला की आपली माणसं उठून बाहेर जातात. "ते शिकलेल्यांचं काम" म्हणतात. आम्हीही आधी तसंच समजत होतो. पण हा विषय गायरानाचा आणि आपल्या राहत्या जागेचाही आहे, म्हणून या अंकात लिहितोय.

भारतनेटची योजना 2011 साली दिल्लीत मंजूर झाली, तेव्हा तिचं नाव वेगळं होतं. तालुक्यापासून ग्रामपंचायतीच्या कार्यालयापर्यंत फायबरची वायर न्यायची, एवढंच ठरलं होतं. वायर सरळ रेषेत गेली. मधे कुठं जेसीबीनं तोडली की पुढची सगळी गावं बंद. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्र सरकारने योजना सुधारली. 1 लाख 39 हजार 579 कोटी रुपये मंजूर केले. आता वायर गोल फिरवून आणायची, म्हणजे एका बाजूनं तुटली तरी दुसऱ्या बाजूनं चालेल. ठेकेदाराने दहा वर्षं देखभाल करायची. हे बदल चांगले आहेत, त्याला उगाच नावं ठेवणार नाही.

अडचण पुढे आहे. ज्या गावात पंचायत कार्यालय नाही, अशी देशातली सुमारे 3 लाख 80 हजार गावं "मागणीनुसार" जोडायची असं त्यात म्हटलंय. आता आपली भिल्लांची, पारध्यांची, ठाकरांची वस्ती म्हणजे गाव आहे का? शिरूरला घोडच्या काठाला, दौंडला भीमेच्या काठाला, गायरानात पडलेली आपली पालं आणि छपरं कुठल्या यादीत गाव म्हणून आहेत? (पोलिसांची गाडी मात्र रात्री बरोबर वस्तीवर येते. तिला यादी लागत नाही.) यादीत नाही म्हणून मागणी नाही, मागणी नाही म्हणून वायर नाही.

रांजणगावच्या, कुरकुंभच्या कंपन्यांना नेट लागतं तसं आपल्यालाही लागतं. रेशनची केवायसी, जातीचा दाखला, परीक्षेचा फॉर्म, सातबारा, सगळं त्याच्यावर. आमच्या ओळखीची एक मुलगी बारावीनंतर जातीच्या दाखल्यासाठी तीनदा केंद्रावर चालत गेली. एकदा सर्व्हर डाऊन, एकदा लाईट नाही, एकदा माणूस जागेवर नाही. दाखला आला तेव्हा प्रवेशाची तारीख गेली होती. आता ती आईबरोबर खुरपायला जाते.

करार वरच होतात, भोगतं गाव. 2016 च्या शासन निर्णयाने आपले सरकार सेवा केंद्रं निघाली. पंचायतीने वित्त आयोगाच्या पैशातून एका केंद्रामागे महिन्याला 12,331 रुपये भरायचे. संगणक परिचालकाच्या हातात 6,000, तेही थकायचे. म्हणून त्या पोरांना आंदोलनं करावी लागली. हा हिशोब किती ग्रामसभांत वाचून दाखवला? पैसे गावाचे होते, तरी अटी ठरवताना गावाला विचारलं नाही.

भारतनेटचा करारही पंचायत करत नाही, हे खरं. पण वायर पुरायला, खांब रोवायला पंचायतीच्या ताब्यातली जागा लागते आणि त्यासाठी परवानगीचा कागद पंचायतीकडे येतो. मुदतीत उत्तर दिलं नाही तर परवानगी दिली असं धरलं जातं. म्हणजे गप्प बसलो तरी आपण हो म्हटल्यासारखंच. वनजमीन असेल तर 2006 च्या वनहक्क कायद्याचं कलम 3(2) वाचा. टेलिफोनच्या लाइनीसाठी एक हेक्टरच्या आतली जागा वळवता येते, पण ग्रामसभेची शिफारस पाहिजे. शिरूर-दौंडला पेसा लागू नाही म्हणून आपल्याला काहीच अधिकार नाही, असं कुणी सांगितलं तर हे कलम दाखवा.

आमचं म्हणणं असं, की परवानगीच्या त्याच ठरावात वस्तीची मागणी लिहायची. वस्तीचं नाव, गट नंबर, घरं किती, शाळेत जाणारी पोरं किती. ठेकेदार लगेच मानेल असं नाही. पण लिहिलंच नाही तर मागणी होती हेच कुणाला कळणार नाही.

यावर वस्तीतली जुनी माणसं घाबरतात. नाव कागदावर आलं की अतिक्रमणाची नोटीस येईल म्हणतात. ही भीती खोटी नाही. 2022 मध्ये उच्च न्यायालयाने गायरानावरची अतिक्रमणं काढायला सांगितली, तेव्हा कितीतरी घरांना नोटिसा आल्या. पण साथींनो, त्या नोटिसा आपण नाव लिहिलं म्हणून आल्या नव्हत्या. त्यांची यादी त्यांनी केली. त्यात आपण फक्त "अतिक्रमणधारक" होतो. ग्रामसभेच्या ठरावात आपण राहणारी माणसं म्हणून येतो. एवढ्यावर जमीन नावावर होत नाही, पण उद्या तहसीलसमोर उभं राहायला आणखी एक कागद होतो. तरीही ज्या घराला नको वाटतं, त्याचं नाव जबरदस्तीनं घालायचं नाही. आमच्यातही यावर दोन मतं आहेत.

2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेला 100 मतदार किंवा एकूण मतदारांच्या 15 टक्के, जे कमी असेल तेवढे लागतात. सभा तहकूब झाली तर पुढच्या सभेला तीही अट नाही, तेव्हा तहकूब झाली म्हणून घरी बसू नका. आधी महिलांची सभा होते, तिथे बायांनी हा विषय मांडावा. अर्ज दोन प्रतींत न्या आणि आपल्या प्रतीवर ग्रामपंचायत अधिकाऱ्याची सही, शिक्का, तारीख घेतल्याशिवाय उठू नका. ठरावाचा मसुदा मागच्या पानावर छापला आहे, फाडून न्या.