थंडीपूर्वी हीटर-गीझरची तपासणी

दिवाळी संपत आली की माळ्यावरच्या रजया खाली उतरतात. त्यांना ऊन दिले जाते, खोळी बदलल्या जातात. त्याच माळ्यावरून हीटरही उतरतो, पण तो मात्र वरवर पुसून थेट प्लगला जोडला जातो. इंदूर, ग्वाल्हेर, दिल्लीकडच्या घरांत हीटरवाचून भागत नाही, तर पुण्या-नाशकाकडे गीझरची वेळ वाढते. थंडीचा कडाका सुरू होण्याआधी एक रविवार या साधनांसाठी राखून ठेवा.

विजेचा हीटर

प्लग काढलेला असतानाच सफाई करा. रॉडमागची चकचकीत पत्र्याची बाजू आणि ब्लोअरची मागची जाळी कोरड्या फडक्याने किंवा मऊ ब्रशने साफ करा. वायर कुठे तडकली आहे का, प्लगच्या पिना काळ्या पडल्या आहेत का, हे पाहा. २००० वॅटचा हीटर सुमारे ९ अँपिअर वीज खेचतो, म्हणून त्याला १५-१६ अँपिअरचा जाड पिनांचा प्लगच हवा. एक्स्टेन्शन बोर्ड नको. तेलाच्या हीटरमधून तेल झिरपत असेल, तर तो वापरू नका. पडदे, रजई, वर्तमानपत्रे हीटरपासून किमान तीन फूट दूर असावीत. त्यावर मुलांचे ओले मोजे वाळत घालू नयेत.

गॅस गीझर

विजेतला बिघड बहुधा जळका वास किंवा ठिणगी देऊन जागे करतो. गॅस गीझरचा खरा धोका मात्र दिसत नाही. ज्योतीला पुरेशी हवा मिळाली नाही, की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. गळणाऱ्या सिलिंडरचा वास येतो, कारण तो त्यात मुद्दाम मिसळलेला असतो. या वायूला तशी खूण नाही. तो रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरून बसतो.

गार वारा येतो म्हणून आपण नेमके थंडीतच न्हाणीघराच्या झरोक्यात वर्तमानपत्राचा बोळा कोंबतो आणि त्याच दिवसांत चार-पाच जणांच्या आंघोळी लागोपाठ होतात. तो बोळा आजच काढा. झरोक्यात कबुतराचे घरटे असेल तर तेही पाहा. गीझर शक्यतो न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवून घ्या. वर्षातून एकदा कंपनीच्या माणसाकडून बर्नर साफ करून घ्या. ज्योत निळी हवी. ती पिवळी दिसू लागली किंवा काजळी धरू लागली, तर गीझर बंद ठेवा. नळीवर छापलेली मुदत पाहा. काही गीझर २० मिनिटांनी आपोआप बंद होतात, पण ती सोय झरोक्याची जागा घेऊ शकत नाही.

एक साधी सवय सर्वांनी लावून घ्यावी: आधी बादल्या भरा, गीझर बंद करा, मगच आंघोळीला जा. मुलांनी व वृद्धांनी आतून कडी लावू नये.

शेगडी आणि बुखारी

निखारे फुलले, धूर थांबला, म्हणजे शेगडी सुरक्षित झाली, असा समज अनेक घरांत आहे. तो चुकीचा आहे. धूर नसलेल्या निखाऱ्यांतूनही हाच वायू निघत राहतो. पेटती शेगडी बंद खोलीत ठेवून झोपणे जिवावर बेतू शकते. डोंगराळ भागात नोकरीनिमित्त राहणाऱ्या कुटुंबांनी बुखारी पेटवण्याआधी तिच्या पाइपातली काजळी काढावी, सांधे तपासावेत आणि झोपण्यापूर्वी ती विझवावी.

डोके दुखू लागले तर

घरातल्या दोघा-तिघांचे एकाच वेळी डोके दुखू लागले, मळमळले, चक्कर आली आणि बाहेर गेल्यावर बरे वाटले, तर पित्त किंवा सर्दी समजून गोळी घेऊ नका. दारे-खिडक्या उघडा, गॅस बंद करा, सर्वांना बाहेर काढा. कोणी बेशुद्ध असेल, तर ताबडतोब ११२ क्रमांकावर फोन करा. डॉक्टरांना गीझर किंवा शेगडी चालू होती, हे आवर्जून सांगा. कारण बोटाला लावायचे ऑक्सिमीटर अशा वेळी आकडा चांगलाच दाखवू शकते.

बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बाजारात मिळतो. परवडत असेल तर जरूर लावा. आणि थंडी कितीही वाजो, झरोका उघडाच ठेवा.