'माझं झालं, तुझंही होईल': जर्मनीतल्या भारतीय ग्रुप्सच्या सल्ल्यावर किती विसंबायचं?

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. सुरुवात दहा हजार तरुणांपासून करायची, असं तेव्हा सांगण्यात आलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये चान्सलर ओलाफ शोल्त्स दिल्लीत आले आणि कुशल भारतीयांसाठीच्या वार्षिक व्हिसांची संख्या २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याची घोषणा झाली. जर्मनीत शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांमध्ये भारतीयांनी चिनी विद्यार्थ्यांना २०२२-२३ मध्येच मागे टाकलं होतं.

यातल्या बहुतेकांचा जर्मनीशी पहिला संबंध दूतावासातून येत नाही, तो येतो फेसबुक, व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामच्या एखाद्या ग्रुपवर. 'इंडियन्स इन' आणि पुढे शहराचं नाव, असे ग्रुप जवळपास प्रत्येक मोठ्या शहराचे आहेत. व्हिसाची फाईल कशी लावायची, प्रेशर कुकर बॅगेत चालतो का, घर कुठे मिळेल, नोकरी गेली तर किती दिवस राहता येतं, अशा सगळ्या प्रश्नांना तिथे उत्तर मिळतं, तेही पाच मिनिटांत, फुकट आणि आपल्या भाषेत.

ही गरज नवी नाही. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं आहे. नव्याने आलेल्या माणसाला ओळखीचा चेहरा आणि दोन युक्तीच्या गोष्टी मिळाव्यात, हे काम मंडळं तेव्हापासून करत आली आहेत. फरक एवढाच, की मंडळात सल्ला देणारा समोर बसलेला असायचा आणि चुकीचं सांगितलं तर पुढच्या गणपतीत पुन्हा भेटायचा. ग्रुपवर सल्ला देणाऱ्याचं फक्त नाव दिसतं, कधी तेही खरं नसतं.

ग्रुपशिवाय कोण सांगणार?

आधी ग्रुपचं देणं मान्य करायला हवं, कारण ते मोठं आहे.

जर्मनीत नवीन घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत महापालिकेच्या कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो. याला 'आनमेल्डुंग' म्हणतात. हे सरकारी संकेतस्थळावर लिहिलेलं असतं. पण नोंदणीनंतर कर क्रमांक पोस्टाने येतो आणि तुमचं आडनाव पत्रपेटीवर नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो, हे ज्याचं पत्र एकदा परत गेलंय तोच सांगतो. कर क्रमांक वेळेत मिळाला नाही तर कंपनी सर्वांत चढ्या दराने कर कापू शकते. जास्तीचा कर पुढे परत मिळतो, पण पहिल्याच पगाराला कात्री लागते. म्हणजे आडनावाची एक चिठ्ठी पेटीवर चिकटवली नाही म्हणून महिन्याचं गणित कोलमडतं.

जाहिरातीतलं 'कोल्ड' भाडं आणि 'वॉर्म' भाडं यातला फरक, रिकाम्या घरात कित्येकदा ओटा-सिंकसुद्धा नसतं ही गोष्ट, रविवारी किराणा दुकानं बंद असतात म्हणून शनिवारीच दूध-भाजी भरून ठेवायची सवय, हे सगळं याच प्रकारातलं. यात उत्तर चुकलं तरी फार बिघडत नाही, आणि ते विचारणाऱ्याच्या कागदपत्रांवर अवलंबूनही नसतं. अशा प्रश्नांना ग्रुपसारखी जागा नाही.

यात एक बारकावा आहे. परदेशी नागरिकांचं कार्यालय जर्मनीत स्थानिक असतं. कायदा देशाचा, पण भेटीची वेळ कशी घ्यायची, कागद ईमेलने चालतात की छापील लागतात, किती महिने थांबावं लागतं, हे शहरागणिक बदलतं. त्यामुळे देशभराच्या दोन लाख सदस्यांच्या ग्रुपपेक्षा आपल्या शहराचा दोन हजारांचा ग्रुप कित्येकदा जास्त कामाचा ठरतो. बर्लिनचा अनुभव म्युनिकला लागू होईलच असं नाही.

प्रश्न एकच, उत्तरं तीन

गडबड सुरू होते ती 'माझं असं झालं' हे वाक्य 'नियम असा आहे' म्हणून वाचलं जातं तेव्हा. विद्यार्थ्यांच्या आरोग्य विम्याइतकं याचं बोलकं उदाहरण दुसरं नसेल.

जर्मनीत आरोग्य विमा सक्तीचा आहे. तिशीच्या आतल्या, विद्यापीठात नियमित प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला सरकारी व्यवस्थेतला विमा सवलतीच्या दरात मिळतो. तो महिन्याला दीडशे युरोच्या आसपास जातो. ग्रुपवर कुणी तरी सांगतं, 'खासगी घे, खूप स्वस्त पडतं, मी दोन वर्षं तेच वापरलं.' त्याचं खरंही असतं. तो आजारी पडला नाही.

पण खासगी विमा घ्यायचा तर विद्यार्थ्याला सरकारी विम्यातून सूट मागावी लागते, आणि ही सूट एकदा घेतली की शिक्षण संपेपर्यंत मागे घेता येत नाही. पुढच्याच सत्रात मोठं दुखणं निघालं किंवा स्वस्त पॉलिसीत तो आजार बसतच नाही असं कळलं, तरी विद्यार्थी म्हणून सरकारी व्यवस्थेत परतीचा रस्ता बंद असतो. सही एका मिनिटाची, परिणाम दोन-तीन वर्षांचा.

गंमत अशी, की हाच प्रश्न तिशी ओलांडलेल्या विद्यार्थ्याने विचारला तर उत्तर वेगळं, कारण त्याला तो सवलतीचा दर सहसा मिळतच नाही. आधी फक्त भाषेचा कोर्स करणाऱ्याने विचारला तर आणखी वेगळं, कारण तो अजून त्या अर्थाने विद्यार्थी नसतो. ग्रुपवर मात्र तिघांचा प्रश्न एका ओळीचा असतो, 'विमा कोणता घेऊ?', आणि खाली चाळीस उत्तरं. वय, प्रवेशाचा प्रकार, व्हिसा यातलं काहीही कुणी विचारलेलं नसतं.

त्या चाळीसमधल्या काही उत्तरांत दुवे असतात. विमा, ब्लॉक खातं, परदेशी पैसे पाठवणं, या सगळ्यांत ग्राहक आणून देणाऱ्याला मोबदला मिळण्याची पद्धत आहे. ती बेकायदा नाही. पण 'दादा' म्हणून सल्ला देणारा त्याच सल्ल्यावर कमावत असेल आणि ते सांगत नसेल, तर त्याला दादा कशाला म्हणायचं? ते विक्रेत्याचंच काम झालं.

जुन्या उत्तरांचा ढीग

ग्रुपवर शोधलं की उत्तर सापडतं. ते कधीचं आहे, हे कुणी बघत नाही. विद्यार्थी व्हिसासाठी ब्लॉक खात्यात वर्षाचा खर्च दाखवावा लागतो. २०२२ मध्ये ही रक्कम १०,३३२ युरो होती, २०२३ मध्ये ११,२०८ झाली आणि सप्टेंबर २०२४ पासून ११,९०४. जुनी पोस्ट बघून पैसे भरले तर फाईल अपुरी ठरते. भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्र नोव्हेंबर २०२२ पासून सक्तीचं झालं. त्याआधी गेलेला सीनियर मनापासून सांगतो, 'असलं काही लागत नाही.' त्याच्या वेळी खरंच लागत नव्हतं.

नागरिकत्वाचं तर दीड वर्षात दोनदा बदललं. जून २०२४ मध्ये आठऐवजी पाच वर्षांचा नियम आला आणि विशेष कामगिरी असलेल्यांसाठी तीन वर्षांचा झटपट मार्गही उघडला. ऑक्टोबर २०२५ मध्ये संसदेने तो झटपट मार्ग रद्द केला. तीन वर्षांत पासपोर्ट मिळण्याच्या हिशोबावर आयुष्य आखायला सांगणाऱ्या पोस्ट मात्र अजूनही जागच्या जागी आहेत.

याहून त्रासदायक सल्ला म्हणजे 'पत्र आलं तरी दुर्लक्ष कर.' जर्मनीत प्रत्येक घराला सार्वजनिक रेडिओ-टीव्हीसाठी महिन्याला १८.३६ युरो शुल्क भरावं लागतं, घरात टीव्ही असो वा नसो. पत्र आलं की ग्रुपवर हमखास कुणीतरी म्हणतं, 'फाडून टाक, काही होत नाही.' थकबाकी साठत जाते, दंड लागतो आणि शेवटी वसुली होते. शुल्क माणशी नसून घरटी आहे, तीन जण एकत्र राहत असतील तर एकानेच भरायचं, ही खरी उपयोगाची माहिती त्याच चर्चेत कुठेतरी खाली दबून राहते.

सल्ला देणारे बहुतेक वेळा दोन-तीन वर्षांपूर्वी आलेले असतात. दहा वर्षं झालेली, नोकरी बदललेली, वकिलाकडे जाऊन आलेली मंडळी तोवर ग्रुप म्यूट करून बसलेली असतात. आणि ज्याचा अर्ज फेटाळला गेला, तो परत गेलेला असतो. 'मला काही प्रॉब्लेम आला नाही' म्हणणारेच तेवढे उरतात.

घर: सगळ्यात मोठा सापळा

मोठ्या शहरांत घर मिळणं इतकं अवघड आहे, की शहाणी माणसंही इथे फसतात. साचा ठरलेला आहे. फोटो सुंदर, भाडं बाजारापेक्षा कमी, मालक 'सध्या परदेशात', म्हणून चावी कुरिअरने येणार, त्याआधी अनामत पाठवा. विश्वास बसावा म्हणून मालक स्वतःच्या पासपोर्टची प्रत पाठवतो. ती प्रत कित्येकदा आधी फसलेल्या माणसाची असते, आणि तुम्ही पाठवलेला पासपोर्ट पुढच्याला दाखवला जातो.

दुसरा साचा अजून बेरकी आहे. घरासाठी किंवा अर्धवेळ नोकरीसाठी 'ओळख पडताळणी' म्हणून व्हिडिओ कॉल करायला लावतात. प्रत्यक्षात तो कॉल बँकेचा असतो आणि तुमच्या नावाने खातं उघडलं जातं. त्यातून फसवणुकीचे पैसे फिरले की पोलिसांची नोटीस तुमच्या पत्त्यावर येते.

तिसरी गोष्ट उघडपणे विकली जाते, ती म्हणजे पत्त्याची नोंद. घर नाही, पण नोंदणी हवी, म्हणून पैसे घेऊन कुणीतरी आपला पत्ता देतो. २०१५ पासून नोंदणीसाठी घर देणाऱ्याचा लेखी दाखला लागतो. प्रत्यक्ष राहायचं नसताना असा पत्ता देणाऱ्याला ५० हजार युरोंपर्यंत दंड होऊ शकतो, नोंदणी करणाराही सुटत नाही. व्हिसावर आलेल्या माणसाने सरकारी कागदावर खोटा पत्ता देणं हा फक्त दंडाचा विषय राहत नाही, हे ग्रुपवर सहसा कुणी सांगत नाही.

कायद्याच्या दोन गोष्टी इथे कामी येतात. अनामत रक्कम तीन महिन्यांच्या कोल्ड भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि ती तीन हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला हक्क आहे, पहिला हप्ता भाडेकरार सुरू होताना. घर न दाखवता सगळी रक्कम आधी मागणारा माणूस यातलं काहीच पाळत नाही. तो मराठीत बोलतो एवढ्यावर पैसे पाठवलेले लोक कमी नाहीत. पहिला महिना-दोन महिने वसतिगृह किंवा कंपनीने दिलेली तात्पुरती खोली महाग पडते खरी, पण घर डोळ्यांनी बघून करार करता येतो.

मग विचारायचं कुठे?

व्हिसा आणि पदवीच्या मान्यतेसाठी 'मेक इट इन जर्मनी' हे जर्मन सरकारचं संकेतस्थळ आहे, पदवी चालते का ते 'आनाबिन' या माहितीसाठ्यात बघता येतं. पण संकेतस्थळ आपल्या प्रकरणावर बोलत नाही, ही तक्रारही रास्त आहे. त्यासाठी स्थलांतरितांना सरकारी खर्चाने मोफत सल्ला देणारी केंद्रं शहरोशहरी आहेत, कारितास आणि आवोसारख्या संस्था ती चालवतात. 'एमबीऑन' या ॲपवर तिथल्या सल्लागारांशी नाव न सांगता चॅट करता येतं. पगार थकला, नोकरीवरून काढलं तर 'फेअर इंटिग्रेशन'ची मोफत केंद्रं आहेत. घराच्या भांडणासाठी भाडेकरू संघ आहे, त्याची वार्षिक वर्गणी भरावी लागते. आश्चर्य म्हणजे ग्रुपवर रोज शेकडो प्रश्न येतात, पण या जागांची नावं क्वचित दिसतात.

ग्रुपवर विचारायचंच असेल तर शहर, व्हिसाचा प्रकार, वय आणि तारखा लिहून विचारलेल्या प्रश्नाला बरं उत्तर मिळतं. व्हिसाचं पत्र किंवा पासपोर्टचा फोटो मात्र टाकू नये. नाव खोडलं तरी क्रमांक आणि बारकोड राहतात. उत्तर देणाऱ्याला 'हे कधीचं?' आणि 'कुठे लिहिलंय?' एवढे दोनच प्रश्न विचारले तरी निम्मी उत्तरं गळून पडतात.

पैसे गेलेच, आणि ते भारतातल्या खात्यातून गेले असतील, तर ग्रुपवर पोस्ट लिहिण्याआधी १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवून बँकेला कळवायला हवं. रक्कम समोरच्याने काढून घेण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते. पैसे जर्मन खात्यातून गेले असतील तर तिथल्या बँकेला लगेच फोन आणि पोलिसांत तक्रार. बहुतेक राज्यांत ती ऑनलाइनही देता येते, त्यासाठी व्यवहाराची पावती, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि चॅट डिलीट न करता ठेवावं.